फिनिक्स मिलचा मॉल कसा झाला, टिकला कशामुळे, आणि तुम्ही गाळा घ्यावा का

तुम्ही विचारलेला प्रश्न तिहेरी आहे. लोअर परळच्या फिनिक्स मिलचा मॉल नेमका कसा झाला? त्याच्या आगेमागे निघालेले कितीतरी मॉल ओस पडले, मग हा का टिकला? आणि आमच्या तालुक्याच्या गावी मॉल होतोय, मेव्हणे म्हणतात गाळा बुक करून टाका, तर करावा का? तिसऱ्याचं उत्तर पहिल्या दोनांत दडलेलं आहे, म्हणून सुरुवात गिरणीपासून करते.

आधी माझ्याविषयी. मी २००१ पासून मॉलच्या भाडेकरारांच्या कामात आहे. पहिली ११ वर्षं कपड्या-चपलांच्या कंपन्यांसाठी जागा शोधल्या, नंतर मॉलमालकांच्या वतीने गाळे भाड्याने दिले. घेणाऱ्याच्याही बाजूने बसले, देणाऱ्याच्याही. फिनिक्सच्या पगारावर कधी नव्हते, पण तिथे माझ्या कंपन्यांसाठी भाड्याची घासाघीस करण्यात कितीतरी दुपारी घालवल्या आहेत.

फिनिक्स मिल्स ही कंपनी १९०५ ची. तुळशी पाइप रोडला लागून, म्हणजे आजच्या सेनापती बापट मार्गावर, १७.३ एकर जागा. रूळ शेजारी, स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर. कापडगिरणीला हे लागायचंच, कारण कापसाच्या गाठी आणि माणसं दोन्ही रोज आणायची. शंभर वर्षांनी मॉललाही नेमकं हेच उपयोगी पडलं, फक्त गाठींच्या जागी जीन्सची खोकी आली. माझी मावशी डिलाइल रोडच्या चाळीत राहायची. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे गेलं की भोंग्यावर घड्याळ लावता यायचं. तो कोणत्या गिरणीचा भोंगा, हे मावशीला आवाजावरून कळे. मला शेवटपर्यंत कळलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. संपामुळे गिरण्या बुडाल्या असं सरसकट म्हणतात, ते अर्धं खरं आहे. यंत्रमागाचं स्वस्त कापड भिवंडी-इचलकरंजीतून आधीपासून येत होतं आणि जुन्या यंत्रांवर पैसा घालायची बऱ्याच मालकांची तयारी नव्हती. संपानंतर एक गोष्ट मात्र सगळ्यांना दिसली. गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन महाग झाली होती.

आता कायद्याचा भाग. तो समजल्याशिवाय फिनिक्सची गोष्ट म्हणजे नुसती 'राखेतून उठलेला पक्षी' अशी जाहिरात होते.

मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम गिरण्यांच्या जमिनींचा. त्याचा ढोबळ अर्थ असा, की गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. १९९६ साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे सरकारी गिरण्यांचा एकत्रित विचार करून आराखडा सुचवला. तो कागदावर राहिला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची करायची असं ठरलं. म्हणजे ज्या जमिनीवर शेड उभी आहे ती हिशेबातून बाहेर. गिरणीत मोकळी जमीन असते किती? शेडला शेड चिकटलेली. त्यामुळे शहराच्या आणि म्हाडाच्या वाट्याला फारच थोडं आलं. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने पर्यावरण संघटनेच्या बाजूने निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. गिरणगावच्या आकाशात आज जे मनोरे दिसतात त्यांतल्या बहुतेकांचा पाया या निकालात आहे.

फिनिक्सची सुरुवात याच्याही आधीची, नव्वदच्या दशकातली. आधी आवारात निवासी इमारती झाल्या. दशकाच्या शेवटी शेवटी आली बोलिंग अ‍ॅली. तिची परवानगी कामगारांच्या करमणुकीचं केंद्र म्हणून मिळवली, असा कामगार संघटनांचा आरोप होता आणि त्यावर तेव्हा वर्तमानपत्रांत भरपूर लिहून आलं. ज्या कामगाराचा थकलेला पगार निघत नव्हता तो संध्याकाळी भाड्याचे बूट घालून लाकडी पिना पाडणार, हे चित्र इतकं हास्यास्पद होतं की गिरणगावात ते अजून सांगतात. धंद्याच्या नजरेतून पाहिलं तर बोलिंग ही चाचपणी होती. दक्षिण मुंबईची मुलं रात्री गाडी काढून तुळशी पाइप रोडला येतात की नाही, ते पाहायचं होतं. ती आली.

इथे एक गोष्ट सांगते जी मॉलच्या इतिहासात सहसा कोणी लिहीत नाही, आणि माझ्या मते तिच्याशिवाय मुंबईत इतके मॉल झालेच नसते. भाडे नियंत्रण कायदा. १९४७ च्या कायद्यात भाडेकरू एकदा आत आला की निघत नसे आणि भाडं गोठलेलं राही. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन त्या वेळी लीव्ह अँड लायसन्सवर बसलेल्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं, तेव्हापासून तर मालकांनी धसकाच घेतला. जागा एक तर विकायची, नाहीतर पागडीने द्यायची. भाड्याने द्यायची नाही. मॉल म्हणजे शंभर-दीडशे भाडेकरू एका छपराखाली. असल्या कायद्यात तो काढायला किती जण धजतील? ३१ मार्च २००० ला नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्यात बँका, सरकारी कंपन्या आणि १ कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळलं. झालं! मालकाला आता मोठ्या कंपनीला गाळा देताना भीती उरली नाही. आणि आपोआप मॉलमध्ये मोठ्या कंपन्याच आल्या, दादरचा साडीवाला आला नाही. लोक विचारतात मॉलमध्ये तीच तीच नावं का दिसतात. अनेक कारणं आहेत, त्यांत हे एक कलम आहे.

१९९९ मध्ये हाजी अलीला क्रॉसरोड्स उघडला. मुंबईतला मॉल म्हणावा असा पहिला तोच. पिरामल समूहाचा, चकचकीत, सरकत्या जिन्यांचा. लोक जिने बघायला आले, इतके आले की खरेदी करणारा आत शिरेना. मग दारावर अट आली. क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल दाखवा, नाहीतर प्रवेशाचे पैसे भरा. १९९९ मध्ये मोबाइल कोणाकडे असायचा हे आठवून पाहा. पुढे तो मॉल फ्युचर समूहाकडे गेला, सोबो सेंट्रल झाला, आणि हळूहळू विझला. क्रॉसरोड्स चुकीच्या जागी नव्हता, इमारतही चांगली होती. पण तो लहान होता आणि पूर्ण बांधून झालेला होता. मॉल चालेना तर त्यात बदल करायला जागाच उरलेली नसते.

फिनिक्सचं नेमकं उलट झालं. तिथे आराखडा आधी असा काही दिसत नव्हता. एक शेड रिकामी झाली की तिचं काहीतरी करायचं, ते चाललं की पुढची. बोलिंग, मग डिस्को, मग रेस्टॉरंट, मग पँटालून्स आणि बिग बझार. पुढे स्कायझोन, ग्रँड गॅलेरिया, कोर्टयार्ड अशी नावं लागत गेली. २००३-०४ च्या सुमारास तिथे जागा बघायला गेले की एका इमारतीतून दुसरीत जायला उन्हातून चालावं लागे, पावसाळ्यात छत्री उघडून. आमचे दिल्लीचे साहेब म्हणाले, "हा मॉल आहे की कंपाउंड?" कंपाउंडच होतं ते. गिरणीचं आवार. मध्ये चिमणी उभी, ती आजही आहे.

मॉलचं जे व्याकरण जगभर चालतं ते अमेरिकेतलं. मिनेसोटातल्या इडाइना इथे ऑक्टोबर १९५६ मध्ये साउथडेल उघडलं, व्हिएन्नाहून आलेल्या व्हिक्टर ग्रुएन या वास्तुविशारदाचं. पूर्ण बंदिस्त, आत सदैव एकसारखं हवामान, दोन टोकांना दोन मोठी डिपार्टमेंट स्टोअर आणि मधल्या वाटेवर लहान दुकानं. मोठ्या दुकानासाठी आलेला माणूस दुसऱ्या मोठ्या दुकानाकडे जाताना लहानांसमोरून जातो. सगळी गंमत या चालण्यात आहे. ग्रुएनला खरं तर त्याभोवती घरं, शाळा, दवाखाने असलेलं गाव हवं होतं. ते झालं नाही, भोवती वाहनतळ झाला, आणि म्हातारपणी त्याने मॉलशी आपलं नातंच झटकून टाकलं. फिनिक्सला भोवतीचं गाव आयतं मिळालं होतं, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. चाळी, स्टेशन, बाजार, मग गिरण्यांच्या जागी आलेली ऑफिसं. ग्रुएनला जे बांधता आलं नाही ते इथे आधीपासून होतं, आणि मॉलने ते हळूहळू महाग करून टाकलं.

ही महागाई कशी चढली तो क्रम पाहण्यासारखा आहे. बिग बझार आलं तेव्हा फिनिक्सला गर्दी आणणारं दुकान तेच होतं. डिलाइल रोड, वरळी, करी रोडच्या बायका तिथे तांदूळ-तेल-बादल्या घ्यायला येत. २६ जानेवारी २००६ ला 'सबसे सस्ता दिन' काढला तेव्हा देशभरच्या बिग बझारमध्ये इतकी झुंबड उडाली की काही ठिकाणी पोलीस बोलवावे लागले. त्या दिवसांत मी माझ्या कंपन्यांना गर्दीचे आकडे दाखवून फिनिक्समध्ये यायला राजी करत होते. पुढे २००६ मध्ये सरकारने एकाच ब्रँडच्या दुकानांत ५१ टक्के परदेशी गुंतवणुकीला परवानगी दिली आणि परदेशी नावं जागा शोधायला लागली. मग त्याच आवारात पॅलेडियम हा महागड्या दुकानांचा मॉल उभा राहिला, २०१० मध्ये झारा आलं, शेजारी उंच हॉटेल झालं. ते २०१२ च्या अखेरीस शांग्री-ला म्हणून उघडलं, मग पॅलेडियम झालं आणि २०१५ पासून सेंट रेजिस. शेवटी सगळ्या आवाराचंच नाव पॅलेडियम पडलं. स्वस्त दुकानाने माणसं आणली, माणसांनी भाडं वाढवलं, वाढलेल्या भाड्याने ती माणसं बाहेर काढली. यात कोणाचा कट नव्हता. आमच्या धंद्यात याला गाळ्यांची सुधारणा म्हणतात.

आता दुसरा प्रश्न, टिकला का. चांगली जागा, श्रीमंत वस्ती, ही उत्तरं खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. हिशेब मांडून दाखवते.

२००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने गिरण्यांचे लिलाव केले. लोअर परळमधलीच मुंबई टेक्स्टाइल मिल, सुमारे १७ एकर, डीएलएफ या बिल्डर कंपनीने ७०२ कोटींना घेतली. म्हणजे आकाराने जवळजवळ फिनिक्सएवढीच जमीन. तिथे मोठा मॉल काढायचा बेत होता. आता ७०२ कोटींवर १० टक्के व्याज धरा. वर्षाला ७० कोटी. समजा ५ लाख चौरस फूट भाड्याने देता आलं, तर दर चौरस फुटामागे महिन्याला सुमारे ११७ रुपये नुसत्या जमिनीच्या व्याजाचे. बांधकाम, वातानुकूलन, पगार, सगळं वेगळं. आणि मॉल पहिली दोन-तीन वर्षं धड चालत नाही, कोणताच चालत नाही. २०१२ मध्ये ती जमीन लोढा बिल्डरांनी सुमारे २७०० कोटींना घेतली आणि तिथे निवासी मनोरे झाले. फिनिक्सला हे व्याज नव्हतं. जमीन १९०५ पासून घरची. त्यामुळे एखादी शेड वर्षभर अडली तरी चालत होतं, चुकीचं दुकान काढून दुसरं लावता येत होतं. ज्याची जमीन फुकटात पडली आहे त्यालाच मॉलमध्ये धीर धरता येतो. आणि ती जमीन मालकाकडेच राहिली, त्यात वाटणीच्या बदललेल्या नियमाचाही हात होता. हे दोन्ही एकत्र सांगितलं नाही तर हिशेब अर्धा राहतो. गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली, सुमारे ७ हजार घरांची. संपाला तोवर ३० वर्षं झाली होती.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं, आणि तुमच्या कामाचं. फिनिक्सने गाळे विकले नाहीत. भाड्याने दिले.

मॉलमधलं भाडं कसं असतं ते थोडक्यात. बहुतेक करारांत दोन आकडे असतात, एक ठरलेलं किमान भाडं, ज्याला आम्ही एमजी म्हणतो, आणि दुसरा विक्रीतला टक्का. दोन्हींत जे जास्त ते द्यायचं. माझ्या अनुभवात किराणा-हायपरमार्केटचा टक्का ३ ते ५, कपड्यांचा १२ ते १८, फूड कोर्टचा २० च्या आसपास. म्हणजे ज्या मोठ्या दुकानामुळे गर्दी येते ते सगळ्यात कमी भाडं देतं, कधी कधी मालक त्याला फर्निचरचे पैसेसुद्धा देतो. तळमजल्यावरच्या छोट्या घड्याळवाल्याकडून ते वसूल होतं. मल्टिप्लेक्स सगळ्यात वर का असतं? सिनेमा सुटला की माणूस चार मजले उतरत येतो, म्हणून. सरकता जिना वर जाताना एका बाजूला आणि पुढचा जिना लांब दुसऱ्या टोकाला, हा वास्तुविशारदाचा गलथानपणा नव्हे.

हे सगळं तेव्हाच जमतं जेव्हा मालक एक असतो. कुठे स्वस्त द्यायचं, कुठे महाग, कोणाला काढायचं, ते तो ठरवतो, आणि एकीकडचा तोटा दुसरीकडे भरून काढतो. दुकान चाललं नाही तर टक्क्यात त्याचंही नुकसान आहे, म्हणून तो एसीही चालू ठेवतो आणि संडासही साफ ठेवतो.

आता गाळे विकलेला मॉल बघा. २००७ मध्ये एका उपनगरात मी माझ्या चपलांच्या कंपनीला पहिल्या मजल्यावर गाळा घेऊन दिला. मॉलचं नाव सांगत नाही. बिल्डरने बहुतेक गाळे गुंतवणूकदारांना विकले होते, आमचा घरमालक एक डॉक्टर होते, फार सज्जन. त्यांना भाडं हवं होतं, बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं, आणि त्यांनी ते ठेवावं तरी का? शेजारचा गाळा ज्यांचा, त्यांनी तो कर्जवसुलीच्या कचेरीला दिला, कारण ते दोन रुपये जास्त देत होते. पलीकडे क्लासेस आले. समोर कुलूप. वर्षभरात आमच्या मजल्यावर संध्याकाळी सातला बायका यायच्या बंद झाल्या. दहा-बारा गाळेमालकांनी देखभालीचे पैसे थकवले. मग सरकता जिना पहिल्यांदा 'दुरुस्तीसाठी' बंद झाला, तो तसाच राहिला. त्यानंतर एसी दुपारी चारनंतर. आम्ही लॉक-इनची, म्हणजे करारानुसार गाळा सोडता येत नाही ती ३ वर्षं कशीबशी काढली आणि निघालो. साहेबांनी मला नोकरीवरून काढलं नाही, एवढंच. त्या गाळ्याची शिफारस माझी होती, इमारत बघून केलेली. तिची मालकी किती जणांत वाटली गेली आहे ते मी विचारलंच नव्हतं.

भांडुपचा ड्रीम्स मॉल तुम्हाला बातम्यांतून माहीत असेल. तिथेही शेकडो गाळेमालक होते आणि कारभार प्रशासकाकडे गेला होता. मार्च २०२१ मध्ये त्याच इमारतीत वर चालणाऱ्या कोविड रुग्णालयापर्यंत मॉलमधली आग पोचली आणि रुग्ण दगावले. मॉलच्या वरच्या मजल्यावर रुग्णालय कसं, असा प्रश्न तेव्हा मुंबईच्या महापौरांनीही जाहीरपणे विचारला. मला त्याचं उत्तर ऐकताक्षणी सुचलं होतं. रिकामा मजला, ज्याला जो भाडेकरू मिळेल तो. आगीचं नेमकं कारण आणि जबाबदारी हा वेगळा विषय आहे, पण मॉलचा मजला रुग्णालयाला देण्याची पाळी का येते हे गाळेविक्रीत आहे.

म्हणून फिनिक्सची भक्ती करा असं मी म्हणत नाही. आजूबाजूला काय झालं तेही पाहिलं आहे. गिरण्यांच्या आवारात ऑफिसं आली, स्टेशनं आणि पूल मात्र गिरण्यांच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, फिनिक्सच्या शेजारच्या कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबना आग लागून १४. पाळी सुटताना गिरणीतून निघणारी गर्दी तीन पाळ्यांत वाटलेली असे. ऑफिसं एकदम भरतात आणि एकदम सुटतात. मोकळ्या जागेसाठी राखलेला एक तृतीयांश भाग खरोखर मिळाला असता तर त्या परिसरात श्वास घ्यायला काही जागा राहिली असती, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही.

फिनिक्सची परीक्षा नंतरही झाली. मार्च २०२० मध्ये मॉल बंद झाले ते महाराष्ट्रात ५ ऑगस्टला उघडले, तेही सिनेमागृहांशिवाय. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद. त्या महिन्यांत माझं काम एकच होतं, किमान भाडं माफ करून फक्त टक्क्यावर करार बदलून देणे. एक मालक असलेल्या मॉलमध्ये एका आठवड्यात दीडशे करार बदलता आले. विकलेल्या मॉलमध्ये प्रत्येक डॉक्टर, प्रत्येक काका, प्रत्येक परदेशातला मुलगा यांना स्वतंत्र फोन. बऱ्याच दुकानदारांनी तेवढा वेळ थांबलंच नाही, किल्ली वॉचमनकडे देऊन गेले. बिग बझारही त्याच काळात बुडालं, २०२२ मध्ये. ज्या दुकानाने मॉल जगवला ते गेलं तरी मॉल उभा राहतो, जर त्या जागेवर दुसरं काय आणायचं हे ठरवणारा कोणी एक असेल तर.

आता तुमचा गाळा. बिल्डरच्या पत्रकात १२ टक्के खात्रीचं भाडं पहिली ३ वर्षं, असं लिहिलं आहे म्हणता. ते भाडं बहुधा तुमच्याच पैशांतून येणार. ३६ महिन्यांचं भाडं आधीच किमतीत मिळवलेलं असतं आणि ३७ व्या महिन्याला गाळा तुमच्या गळ्यात असतो. बिल्डरला हे विचारा : एकूण गाळ्यांपैकी किती विकणार आणि किती स्वतःकडे ठेवणार? मोठं दुकान आणि सिनेमागृह यांच्याशी करार नोंदवलेला आहे की नुसतं पत्र आहे? नोंदवलेला असेल तर त्याची प्रत बघायला मागा, आणि त्यात त्यांचा लॉक-इन किती वर्षांचा आहे ते पाहा. देखभालीचे पैसे कोण गोळा करणार आणि थकवणाऱ्यावर काय कारवाई? तुमच्या गाळ्याचा कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, किती आणि पैसे किती फुटांचे घेतायत? मॉलमध्ये १०० फुटांचे पैसे देऊन हातात ५५-६० फूट येणं मी नेहमी पाहते.

आणि एक साधी चाचणी. सर्वांत चांगले गाळे, म्हणजे दाराजवळचे, जिन्यासमोरचे, बिल्डर स्वतःकडे ठेवून तुम्हाला मागच्या बोळातला दाखवतोय का ते बघा. ठेवत असेल तर निदान त्याला मॉल चालवायचा आहे, मग मागच्या बोळातल्या भावात घासाघीस करा. सगळेच विकायला काढले असतील तर त्याला मॉल बांधायचा आहे, चालवायचा नाही. त्यापेक्षा एसटी स्टँडसमोर, रस्त्याला दर्शनी, स्वतंत्र गाळा तेवढ्याच पैशांत मिळत असेल तर तो घ्या. तिथे मेडिकल चालेल, मोबाइलचं दुकान चालेल, आणि ते बंद पडलं तरी शटर उघडायला दुसऱ्या कोणाच्या परवानगीची गरज लागणार नाही. मेव्हण्यांना त्या बुकिंगवर काही कमिशन आहे का, हे मात्र तुम्हीच विचारा, मी त्यात पडत नाही.